दहा बाय बाराची खोली, साडेसहा हजार रुपये आणि खालच्या काकू

(नावं बदलली आहेत. गावंही बदलणार होतो, पण मिरज काढलं तर गोष्टीतला जीवच जातो, म्हणून ते तसंच ठेवलं आहे.)

पार्श्वभूमी

माझा भाचा पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला इथे अमोघ म्हणू. त्याने खोलीत गाणं ऐकायला स्पीकर कसे घेतले, त्याची ही गोष्ट. मूळचा मिरजेचा. तानपुरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीपासून त्याचं घर चालत पाच मिनिटांवर. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण अमोघच्या कानाला ते फार आधीच मिळालं होतं. शाळेतून येताना जवारी लावण्याचे, म्हणजे तार झणकारावी म्हणून घोडीवर तिची बैठक जुळवण्याचे, आवाज ऐकत तो मोठा झाला. दोरा सरकवून तार मोकळी होईपर्यंत कारागीर किती वेळ बसतो, हे त्याला अभ्यासक्रमातल्या कुठल्याही सूत्रापेक्षा नीट ठाऊक आहे. गाणं तो थोडंफार शिकला आहे, पुण्यातही आठवड्यातून दोनदा शिकायला जातो. त्याचा सूर काळी एक, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी.

राहतो सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, पहिल्या मजल्यावर. दहा फूट बाय बारा फुटांची खोली, तीन कॉट, एक टेबल, जमीन लाकडी तक्तपोशीची. वर कुणी चप्पल घालून चाललं तरी खाली कळतं. खाली मालकीणकाकू एकट्याच राहतात. खोलीत आणखी दोघे आहेत. सुमीत त्याच्याच वर्गातला. त्याला नाचायची गाणी आणि सिनेमे लागतात. दुसरे शिवादादा, वय सत्तावीस, एमपीएससीची तयारी करणारे, रात्री दोनपर्यंत जागणारे आणि म्हणून सकाळी नऊपर्यंत झोपणारे.

दिवाळीत आजीने दिलेले आणि वर्षभर साठवलेले मिळून अमोघकडे ६,५०० रुपये झाले होते. फोनच्या टिचभर स्पीकरवर तानपुरा लावून रियाज करायचा त्याला कंटाळा आला होता. त्याच्या शब्दांत सांगायचं तर, ‘मामा, ते तानपुऱ्यासारखं नाही, डासासारखं वाजतंय की.’

मला त्याने फोन केला तो खरेदीनंतर. हा या प्रकरणातला पहिला मुद्दा, आणि त्याबद्दल मी त्याला अजून टोमणे मारतो. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीत आहे. पण घरातल्या माणसाला विचारायचं ते काहीतरी बिघडल्यावर, ही आपली जुनी पद्धत.

पहिली खरेदी

सुमीतने आधी एक प्रस्ताव मांडला होता. तो अडीच हजार घालणार, दोघांचे मिळून नऊ हजार होणार आणि चाकं लावलेला, दिवे लुकलुकणारा मोठा ट्रॉली स्पीकर घ्यायचा. अमोघने नको म्हटलं. कारण त्याला नीट सांगता आलं नाही, पण निर्णय बरोबर होता. भागीदारीतली वस्तू वर्ष संपल्यावर कुणाकडे जाणार, कुणाचं गाणं आधी लागणार, बिघडली तर खर्च कुणाचा, हे प्रश्न वस्तू घरी आल्यावरच सुटायला लागतात, आणि मैत्रीच्या खर्चाने सुटतात. खोलीत शेगडी भागीदारीत चालते, कारण भूक सगळ्यांना एकसारखीच लागते. गाण्याचं तसं नसतं.

मग दोघेच एका दुकानात गेले आणि ४,२०० रुपयांचा टू पॉइंट वन संच घेऊन आले. दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफरचं, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारं, लाकडी खोकं. दुकानदाराने एक दणदणीत गाणं लावलं, खोक्याच्या भोकातून वारा आला, समोरचं कागदी बिल हललं. सुमीत खूश झाला आणि अमोघही भारावला. दुकान चाळीस फूट लांब, समोर उघडं, बाहेर रस्त्याची वाहतूक. अशा जागी कुठलाही संच थोडा जास्तच खाली दणकला पाहिजे, तेव्हाच तो ऐकू येतो. दुकानदार काही खोटं बोलला नव्हता. त्याच्या दुकानात ते खरंच छान वाजत होतं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत चार आकडी वॅट छापले होते, शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. या आकड्याला कुठलंही मान्य प्रमाण नाही, छापणाऱ्याच्या हिमतीवर तो ठरतो. नंतर मी त्याला सबवूफरची पाठ वाचायला लावली. तिथल्या पट्टीवर लिहिलेलं होतं की यंत्र भिंतीतून ४० वॅट घेतं. चाळीस आत गेले तर सतत हजार बाहेर कसे येतील, एवढं अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला कळायला हरकत नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी खोलीत दोन गोष्टी कळल्या. पहिली अमोघला. तानपुरा लावला तर खरजाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेच्या, जागी एकच ‘घुंऽऽ’ येत होता. तबल्याचा डगा कुठल्याही बोलाला तोच आवाज देत होता. ‘घे’ असो की ‘गी’, मींड घेतलेली असो की नसो, सगळं एकाच खड्ड्यात पडायचं. दुसरी गोष्ट काकूंना कळली. साडेनऊला त्या जिन्यात आल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, गाण्याला मी नाही म्हणत नाही. पण वरून कुणी मुसळ आपटतंय असं वाटतंय. गाणं तर ऐकूच येत नाही, नुसतं मुसळ.’

हे वाक्य मला अमोघने फोनवर सांगितलं आणि निम्मं निदान तिथेच झालं. काकूंना शब्द ऐकू येत नव्हते, फक्त धडधड येत होती. म्हणजे आवाज ‘मोठा’ नव्हता, तो खालच्या सुरांचा होता आणि तक्तपोशीतून उतरत होता. वरचे सूर लाकूड, माती, रजया यांत बऱ्यापैकी अडकतात. सबवूफर मात्र जमिनीवर बसून जमिनीलाच हलवत होता.

दुरुस्त करायचं की परत द्यायचं

मी आधी परत करायला सांगितलं नाही. आधी खोकं कोपऱ्यातून बाहेर काढायला सांगितलं. जमीन आणि दोन भिंती जिथे मिळतात तिथे ठेवलेला सबवूफर सगळ्यात जास्त फुगतो, आणि खोल्यांमध्ये त्याला जागा मिळते ती नेमकी तिथेच, कॉटखाली.

दुसरी गोष्ट खोलीच्या मापाची. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराच्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, तो सूर त्या खोलीत उगाच मोठा होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे हा सूर येतो ५६ हर्ट्झच्या आसपास. बारा फुटांना ४७. सबवूफरचं काम चालतं ते नेमकं याच पट्ट्यात. म्हणजे या खोलीत तो संच दोनच सूर मनापासून वाजवत होता, आणि त्यांतला एकही अमोघच्या गाण्याचा नव्हता.

त्याने खोकं मधे ओढलं, मागचं बेसचं बटण जवळपास शून्यावर आणलं. काकूंचं मुसळ बंद झालं. पण आता उरले ते दोन छोटे स्पीकर, मुठीएवढे, आत अडीच-तीन इंची पडदा. ते एकटे वाजवायला बनवलेलेच नव्हते. गाणं पोकळ झालं. आवाज नाकातून यायला लागला.

इथे खरा निर्णय होता. चार दिवस झाले होते, बिल होतं, पॅकिंगचं खोकं फाडलेलं नव्हतं. सुमीतचं म्हणणं होतं की राहू दे, दिवसा काकू देवळात गेल्या की वाजवू. अमोघ अडकला होता तो ‘परत द्यायला लाज वाटते’ इथे. मी म्हटलं, लाज चार तास टिकेल, संच चार वर्षं. दुकानदाराने बरीच कुरकुर केली आणि ३,६०० परत दिले. सहाशे रुपये गेले. हातात राहिले ५,९००.

पर्याय पुन्हा मांडले

या वेळी मी त्याला दुकानात जाऊ दिलं नाही. आधी वहीत तीन ओळी लिहायला लावल्या: काय ऐकतोस, किती वाजता ऐकतोस, आणि ऐकताना कुठे बसतोस. तिसऱ्या प्रश्नावर तो हसला, पण सगळं त्यावरच ठरलं. रियाज तो सतरंजीवर बसून करतो. म्हणजे कान जमिनीपासून अडीच फुटांवर, आणि स्पीकरपासून अंतर फार तर साडेतीन फूट. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, कारण सकाळी शिवादादा झोपलेले असतात. रात्री ऐकायचं ते झोपण्याआधी तासभर.

एवढ्या जवळून ऐकायला किती ताकद लागते, त्याचा हिशेब आम्ही फोनवरच केला. साधा बुकशेल्फ, म्हणजे पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा, स्पीकर एक वॅटला एक मीटरवर साधारण ८६ डेसिबल देतो. घरात नीट ऐकायला ७० पुरतात. सोळा डेसिबल कमी म्हणजे वॅटचा चाळिसावा हिस्सा. तबल्याची थाप किंवा तान एकदम वर उसळते, तिला शंभरपट द्या, तरी अडीच वॅट. अमोघ जरा वेळ गप्पच झाला. चार आकडी खोक्यामागे तो जे घ्यायला गेला होता, त्याची गरज अडीच वॅटांची निघाली.

पर्याय असे होते.

ब्लूटूथचा गोल स्पीकर, दोन ते साडेतीन हजार. सोपा, चार्ज होणारा, सहलीला नेता येणारा. पण बहुतेक स्वस्त स्पीकरांत डावा-उजवा एकाच डब्यात कोंबलेला असतो. त्यात एवढ्याशा डब्यातून खाली दणका काढायला आतलं सर्किट सूर दाबतं, फुगवतं, आणि तानपुऱ्यासारखा एकसंध आवाज त्यात लाटांसारखा खालीवर होतो. ब्लूटूथने आवाज उशिरा येतो अशी भीती अमोघला कुणीतरी घातली होती. उशीर होतो हे खरं, पण तानपुरा आणि तबला दोन्ही एकाच फोनमधून एकत्रच उशिरा येत असतील तर गाणाऱ्याला काय फरक? तो ऐकतो त्याला धरून गातो. फोनवर हार्मोनियमच्या पट्ट्या दाबून वाजवायचं असेल तर मात्र बोट आणि सूर यांची चुकामूक होते.

तयार अॅक्टिव्ह बुकशेल्फ, चार इंची, ज्यात अॅम्प्लिफायर आतच असतो. माझ्या मते या खोलीला हा सगळ्यात बिनत्रासाचा पर्याय होता. पण त्याच्या मनात भरलेली नवी जोडी आठ हजारांच्या पुढे जात होती.

जुने पॅसिव्ह, म्हणजे आत अॅम्प्लिफायर नसलेले, स्पीकर आणि वेगळा छोटा अॅम्प्लिफायर. यात पैसे वाचतात, हात काळे होतात. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ या चिपवरचे क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारे) बोर्ड आता सगळीकडे मिळतात, आणि त्यांना लॅपटॉपचा जुना १९ व्होल्टचा अॅडॉप्टर चालतो. आठ ओहमच्या स्पीकरला त्यातून बाजूला वीसेक वॅट मिळतात. अडीच लागत होते.

हेडफोन. अमोघला हा पर्यायच वाटत नव्हता, हार वाटत होती. मी म्हटलं, रात्री दहानंतर तुझ्याकडे दुसरा पर्याय आहे का? २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ते नियम कुणी काकू मोजायला बसणार नाहीत, पण शिवादादा अभ्यासाला बसणार होते.

‘आणि खरजाचं काय?’ त्याने विचारलं. ‘सबवूफर नाही तर खरज कुठून येणार?’

प्रश्न रास्त होता आणि मला फार आवडला. काळी एकच्या तानपुऱ्यात जोडीच्या तारा १३८-१३९ हर्ट्झला असतात, खरज त्याच्या निम्म्यावर, ६९. पाच इंची स्पीकर सत्तरच्या आसपास दमायला लागतो. पण तानपुऱ्याची तार नुसते ६९ वाजवत नाही. जवारी म्हणजेच तिच्या पटींचा दिमाख: १३८, २०७, २७६ आणि वर कितीतरी. हे पट नीट ऐकू आले की खालचा सूर कान स्वतः भरून घेतो, तो प्रत्यक्षात क्षीण असला तरी. अगदी छोट्या रेडिओवरसुद्धा आपल्याला पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो याच कारणाने. सुमीतच्या गाण्यांचं तसं नाही, त्यांतला खालचा ठोका बराचसा निव्वळ खालचाच असतो, पट कमी. म्हणून सुमीतला सबवूफर हवा होता आणि अमोघला नको होता, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

ठरलं ते असं: जुनी पॅसिव्ह जोडी, क्लास-डी बोर्ड, आणि उरलेल्या पैशांत एक बरा हेडफोन.

जुना बाजार

जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. अमोघ रविवारी सकाळीच गेला, सोबत शिवादादा. ते कधी नव्हे ते लवकर उठले, कारण त्यांना जुनी पुस्तकं बघायची होती. मी फोनवर होतो. त्याच्या खिशात दोन वस्तू दिल्या होत्या: मल्टिमीटर आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल.

दोन जोड्या आवडल्या. एक मोठी, आठ इंची, दीड हजार. लाकूड सुंदर, वरची जाळी शाबूत. दुसरी पाच इंची, अठराशे, एका बाजूची जाळी फाटलेली, कोपऱ्याला ओरखडा. अमोघचं मन मोठीवर. मी त्याला पडद्याच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबायला सांगितलं. बोटाला काळी भुकटी लागली. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत आपल्या हवेत अशीच विरून जाते. ती बदलता येते, पण तो पुन्हा खर्च आणि कसबाचं काम. छोटीची कड रबराची होती, मऊ आणि सलग. विक्रेत्याला छोटीचे दोनशे कमी करायला सांगितलं तर तो म्हणाला, ‘साहेब, मोठे न्या की, वजन बघा.’ वजनाने स्पीकर घ्यायचे असते तर आम्ही लोहार आळीत गेलो असतो.

मल्टिमीटरवर दोन्ही छोटे साडेसहा ओहमच्या आसपास आले. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-सातच दाखवतो, हे ठीक होतं. सेल टेकवला की पडदा हलला, ‘खट्’ असा स्वच्छ आवाज आला, खरखर नाही. १,८०० दिले आणि घेतले.

इथे मी दोन चुका केल्या. दोन्ही माझ्याच.

बोर्ड बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेतला, ब्लूटूथ आणि आवाजाचं बटण असलेला, ८५०. वायर, पिना आणि फोनला जोडायची केबल मिळून ३५०. अॅडॉप्टर माझ्या घरी पडलेल्या मेलेल्या लॅपटॉपचा, फुकट. बोर्ड त्याने प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला. झाकणाला भोकं पाडायला आधी विसरला होता.

जोडणी, आणि तीन दुखणी

पहिल्या रात्री फोन आला. ‘मामा, तानपुरा येतोय, पण गायिका भिंतीत गेलीय.’

याहून चांगलं वर्णन मी तीस वर्षांत ऐकलं नाही. दोन स्पीकर उलटसुलट जोडले गेले की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. खालचे सूर एकमेकांना खातात आणि मधोमध बसलेला गळा कुठे आहे ते कळत नाही. त्याने तपासलं, लाल तार लाललाच होती. मग आधीच्या मालकाने कधीतरी आतल्या तारा उलट्या जोडल्या असणार. पुन्हा सेल लावायला सांगितला. लाल बाजूला धन टोक लावलं की पडदा बाहेर आला पाहिजे. एकाचा आला, दुसऱ्याचा आत गेला. हे बाजारातच दिसलं असतं. पडदा हलतो का ते मी विचारलं, कुठल्या दिशेला हलतो ते विचारलं नाही. ही पहिली चूक. तारा बदलल्या आणि गायिका भिंतीतून बाहेर येऊन समोर बसली.

मग उजवी बाजू मंद वाटायला लागली, अंगावर गोधडी घेतल्यासारखी. उजवा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, मेलेला होता. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तो सेल आणि मल्टिमीटरचा एकदिश प्रवाह पुढे जाऊ देत नाही. म्हणजे आमच्या बाजारातल्या तपासणीत तो सापडणं शक्यच नव्हतं, आणि हे मला माहीत असून सुचलं नाही. ही दुसरी. त्याच मापाचा ट्वीटर २५० रुपयांना मिळाला. तंतोतंत जुळत नाही, थोडा तेज आहे.

तिसरं दुखणं आमच्या कुणाच्या चुकीचं नव्हतं. फोन जोडला की सगळं शांत, लॅपटॉप जोडून त्याचा चार्जर लावला की घरघर. चार्जर काढला की बंद. जुन्या वायरिंगमध्ये ही रड नेहमीची. कुणीतरी त्याला सल्ला दिला होता की चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाक. असं कुणीही कधीही करू नये. घरघर जाईल, पण बिघाड झाला तर वीज जायला उरेल ती फक्त तुमच्या अंगातून. मधे लावायचा छोटा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर ३०० रुपयांना मिळतो, तो लावला. काकूंना सांगून इलेक्ट्रिशियनकडून खोलीतलं अर्थिंगही बघून घेतलं. स्विचबोर्डामागे अर्थिंगची तार लोंबकळत होती.

मांडणीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तिला सगळ्यात कमी पैसे लागले. टेबलावर स्पीकर ठेवले की सतरंजीवर बसलेल्याच्या डोक्यावरून आवाज जातो. म्हणून दोन बुटकी स्टुलं घेतली, ती खोलीत होतीच. स्टूल आणि स्पीकर यांच्यामध्ये जुन्या स्लिपरच्या तळाचे चार-चार तुकडे, आणि स्टुलाच्या पायांखालीही तेच. दोन स्पीकरांत तीन फूट, भिंतीपासून हातभर पुढे, तोंड किंचित आत वळवलेलं. मागच्या भिंतीला दिवसा तिन्ही गाद्या गुंडाळून उभ्या. कापसाच्या गादीइतकं स्वस्त ध्वनिशोषक अजून कुणी बनवलेलं नाही.

परिणाम

एका शनिवारी मी स्वतः गेलो. वर अमोघला वाजवायला सांगितलं आणि मी खाली काकूंकडे चहाला बसलो. त्यांनी ऐकलं, म्हणाल्या, ‘काहीच नाही येत.’ मी वर फोन करून थोडा वाढवायला सांगितला. ‘अजून नाही.’ आणखी थोडा. ‘हां, आता काहीतरी गुणगुण आहे, पण मुसळ नाही.’ तिथे बटणावर व्हाइटनरचा ठिपका दिला. त्या ठिपक्यावर वर बसलेल्या माणसाला भरपूर आवाज मिळतो, कारण तो साडेतीन फुटांवर आहे. काकू तक्तपोशीच्या पलीकडे आहेत आणि स्पीकर स्लिपरवर उभे आहेत.

हिशेब असा झाला. स्पीकर १,८००, बोर्ड ८५०, तारा ३५०, ट्वीटर २५०, आयसोलेटर ३००, हेडफोन १,५००. एकूण ५,०५०. त्यात परतीचे बुडालेले सहाशे धरले तर ५,६५०. उरले ८५०, त्यांत तिघांनी भेळ खाल्ली, त्यामुळे खरे किती उरले ते विचारू नका.

डगा आता बोलतो. ‘घे’वर मनगट सरकलं की सूर वर चढताना ऐकू येतो. सुमीतला हा संच मिळमिळीत वाटतो आणि त्याने पुढच्या महिन्यात स्वतःच्या अडीच हजारांत स्वतःचा ब्लूटूथ स्पीकर घेतला. तो ट्रेकला नेतो. खोलीत भांडण झालं ते एकदाच, तेही पंख्यावरून.

हेडफोन मात्र बहुतेक वेळा शिवादादांच्या कानावर असतो. ते त्यात काहीच लावत नाहीत. त्यांना खोलीतला आवाज नको असतो, एवढंच.

काय वेगळं करता आलं असतं

बाजारात जाताना पीएएम८४०३ चिपचा टीचभर बोर्ड न्यायला हवा होता. पाच व्होल्टवर चालतो, पॉवर बँक पुरते, किंमत शंभराच्या आत. फोनमधून प्रत्यक्ष गाणं वाजवलं असतं तर मेलेला ट्वीटर तिथेच कळला असता आणि अठराशेचे पंधराशे नक्की झाले असते. उलट्या तारासुद्धा कदाचित अमोघच्या कानाने तिथेच पकडल्या असत्या.

ट्वीटर एक न बदलता दोन्ही बदलायला हवे होते. अडीचशे वाचवले, आणि आता गायिका किंचित उजवीकडे कललेली आहे. मला ते कळत नाही, अमोघला कळतं. बॅलन्सचं बटण या बोर्डावर नाही. तो उजवा स्पीकर जरासा बाहेर वळवून भागवतो.

पहिल्या दुकानात त्याने स्वतःचा तानपुरा लावायला सांगितला असता, तर दोन मिनिटांत दुकानातसुद्धा ते ‘घुं’ ऐकू आलं असतं, आणि कदाचित सहाशे वाचले असते. ‘लाज वाटली,’ असं तो म्हणतो.

आणि ज्याला सोल्डर नको, बाजार नको, मामा नको, त्याने हे काहीच करू नये. आणखी तीन-चार महिने पैसे साठवावेत आणि चार इंची तयार जोडी घ्यावी. अमोघलाही मी हे सांगितलं होतं. थांबायची त्याची तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर रविवारी सकाळी जुन्या बाजारातून फोन येईल म्हणून माझीही नव्हती.

मे महिन्यात प्लॅस्टिकचा डबा तापून वाकला. बोर्ड वाचला. आता तो काकूंनी दिलेल्या पितळी डब्यात आहे, तळाला पुठ्ठा घालून, झाकण कायम अर्धं उघडं ठेवून.